गिऱ्हाईक पायीच येतं, मंदे

ठाकुर्ली (पूर्व)
गणपतीच्या आधीचा रविवार

प्रिय मंदा,

तुझं लांबलचक पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग जरा हायसं वाटलं. हसू अशासाठी, की ओंटारिओतल्या तुझ्या त्या इवल्याशा गावातला हार्डवेअरवाला मुख्य रस्त्याच्या सभेत उभा राहून जे बोलला, ते आमच्याकडचा भांडेवाला शब्दाला शब्द बोलतो. “दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार कुठून?” आणि हायसं अशासाठी, की हे दुखणं एकट्या डोंबिवलीचं नाही. तुमच्याकडे बर्फ पडतो, आमच्याकडे पेव्हर ब्लॉक उखडतात, पण दुकानदाराच्या पोटातला गोळा तोच.

तू विचारलंस, आपल्याकडे मुख्य रस्ता असा बसून, विचार करून कोणी नव्याने आखतंय का. अगं, रस्त्यावर इथे बारा महिने काही ना काही चालूच असतं, पण ते खोदकाम असतं. पाण्याची लाइन, मग केबल, मग काँक्रीट, मग ‘अरे, ड्रेनेज राहिलंच’ म्हणून पुन्हा काँक्रीट फोडणं. आखणी म्हणशील तर तिचा पत्ता नाही.

तू गेलीस तेव्हाची ठाकुर्ली आता ओळखायची नाहीस. चोळा पॉवर हाउस कधीचं बंद झालं. फाटकही गेलं. लोकलला खोळंबा करणारं, शाळेत उशिरा पोचायला हुकमी कारण देणारं आपलं फाटक! त्याच्याऐवजी आता उड्डाणपूल आहे, तो पूर्वेला जोशी हायस्कूलपाशी उतरतो. आणि चोळेगाव-कचोरेच्या बाजूला, रुळांना समांतर, नव्वद फुटी रस्ता आहे. सकाळी तिथे चालणाऱ्यांची जत्रा, संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांची. ‘नव्वद फुटी’ हे आता नुसतं माप राहिलं नाही, रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की तो बरोबर सोडतो.

हा उड्डाणपूल काय चीज आहे ते आम्हाला २०१९ च्या सप्टेंबरात कळलं. रुळांवरचा कोपर पूल धोकादायक म्हणून बंद केला आणि पूर्व-पश्चिम जाणारी सगळी वाहनं आमच्या अंगावर आली. दोन वर्षं, थेट २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत. जोशी हायस्कूलच्या गल्ल्या दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी अडणाऱ्या, त्यात टेम्पो, शाळेच्या बस, रुग्णवाहिका. त्या काळात माझ्या ओळखीच्या एका औषधवाल्याला मी म्हटलं, “चला, इतक्या गाड्या दारावरून जातात, धंदा वाढला असेल.” त्याने माझ्याकडे असं बघितलं! म्हणाला, “ताई, गाडीतला माणूस औषध घ्यायला थांबत नाही, मागचा हॉर्न वाजवतो म्हणून पुढे जातो. आणि चालत येणारा आता धुराला कंटाळून पलीकडच्या गल्लीतून जातो.” त्याचं ते बोलणं माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलंय. रस्त्यावरून खूप गाड्या जाणं निराळं आणि रस्त्यावर माणसं येणं निराळं.

माझा धंदा तुला माहीत आहेच, दुकानदारांची जीएसटीची, हिशेबाची कामं. त्यामुळे लोकांच्या गल्ल्यात डोकं घालायचा मला अधिकृत परवानाच आहे म्हण ना. पूर्वी वही यायची, तिच्यात दिवसाची एक बेरीज, बस्स. आता क्यूआर कोडमुळे प्रत्येक विक्रीची वेळ मिनिटासकट बँकेच्या स्टेटमेंटमध्ये येते. स्टेशनजवळच्या एका फरसाणवाल्याचं स्टेटमेंट मी एकदा सहज वाचत बसले. चाळीस रुपये, साठ, पंचेचाळीस, एकशे वीस, पुन्हा चाळीस. दुपारभर तुरळक. संध्याकाळी सात वाजल्यापासून बघ, चार-पाच मिनिटं काहीच नाही, मग एका दमात सात-आठ नोंदी, मग पुन्हा सामसूम, मग पुन्हा एक लोंढा. आमच्या ह्यांना दाखवलं. आयुष्य लोकलमध्ये गेलेला माणूस तो. चष्मा वर करून म्हणाले, “हे स्टेटमेंट कसलं, हे तर डाउन लोकलचं टाइमटेबल आहे.”

खरंच की! गाडी आली, पूल उतरून माणसं रस्त्यावर आली, पाव किलो चिवडा घेतला आणि घराकडे चालू लागली. डोंबिवली म्हणजे मध्य रेल्वेवरच्या सगळ्यात गजबजलेल्या स्टेशनांपैकी एक. आमच्या बाजारपेठेचं गिऱ्हाईक पार्किंग शोधत येत नाही, ते जिना उतरून येतं. हातात डबा, खांद्याला पिशवी, पायात दिवसभराचा थकवा. आणि त्याला चालायला आम्ही काय ठेवलंय? दोन ओळीत लावलेल्या स्कूटर आणि रिक्षांची रांग यांच्यामधली हातभर फट.

बरं, त्या स्कूटर कोणाच्या? मी भांडेवाल्याला एकदा हेच विचारलं. त्यातली एक त्याची स्वतःची, एक त्याच्या नोकराची, आणि उरलेल्या सकाळी आठला लावून सीएसएमटीची गाडी पकडून गेलेल्यांच्या. रात्री नऊला येऊन काढणार. म्हणजे दिवसभर त्याच्या दुकानाचं तोंड अडवून बसलेल्या गाडीचा मालक त्याच्याकडून एक चमचासुद्धा घेत नाही. तरी त्या गाड्या हलवायच्या म्हटलं की भांडेवालाच सगळ्यात आधी निवेदनावर सही करतो! सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पाट्या लागल्या, टोइंगच्या गाड्या फिरल्या. त्यामुळे रस्त्याची कुठली बाजू भरायची तेवढं बदललं.

आता न्यायाने बोलायचं तर सगळीच दुकानं फरसाणाची नसतात. फ्रिज, कपाट, लग्नाचा बस्ता घ्यायला आलेलं कुटुंब गाडी घेऊन येतं. तांदळाचं पोतं कोणी लोकलमधून उतरून खांद्यावर नेणार नाही. त्यांच्या अडचणीला मी नाटक म्हणत नाही. पण अशा गिऱ्हाइकाला अर्धा तास जागा लागते, दिवसभर नाही. अर्ध्या तासाची जागा राखायची तर दिवसभर ठाण मांडून बसणाऱ्याला आधी उठवावं लागेल.

तू फडके रोडची चौकशी केलीस. अगं, गंमत ही आहे की आपला मुख्य रस्ता वर्षातून दोन सकाळी नव्याने आखला जातो, आणि त्यासाठी कोणी नकाशा काढत नाही. दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या दिवशी उजाडता उजाडता सगळी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून फडके रोडवर लोटते, हे तुला सांगायला नको. तू त्या पोपटी साडीत कोणाला शोधत होतीस तेही मी इथे लिहीत नाही. दुसरी सकाळ मात्र तू गेल्यानंतरची. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली आपल्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली. कल्पना आबासाहेब पटवारींची. इथून ती गिरगावला गेली, ठाण्याला गेली, आता महाराष्ट्रभर निघते. त्या दोन्ही सकाळी गाड्या नसतात आणि मग रस्ता केवढा रुंद आहे ते दिसतं. एरवी जिथे अंग चोरून जावं लागतं तिथे आज्या चौघीजणी हातात हात घालून चालतात. दुकानांचे ओटे बसायला होतात. फुलवाली, गजरेवाली, चहावाला यांना जागा सापडते आणि कोणाच्या पायात कोणी येत नाही. मी त्याचे फार गोडवे गाणार नाही हं, हल्ली गर्दी आणि स्पीकर दोन्ही सोसत नाहीत मला. पण एक सांगते, त्या सकाळी एकही दुकानदार गाड्या का नाहीत म्हणून तक्रार करत नाही. ज्यांची दुकानं खाण्यापिण्याची आहेत ते तर आदल्या रात्रीपासून तयारीला लागतात.

पुण्याने हे जरा पद्धतशीर केलंय. लेक तिथे असते म्हणून मला बघायला मिळालं. २०२१ पासून ११ डिसेंबरला पुणे महापालिका लक्ष्मी रोडचा उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा दिवसभर गाड्यांना बंद ठेवते. पादचारी दिन म्हणतात त्याला. वर्षातला एकच दिवस, हसशील तू, पण लक्ष्मी रोडवर मधोमध उभं राहून वाड्यांच्या माड्या बघणं हे पुण्यात जन्मलेल्यांनाही नवीन होतं. आणि जंगली महाराज रस्त्यावर तर कायमचंच काम केलंय. संभाजी बागेच्या बाजूला फुटपाथ ऐसपैस, बसायला बाक, मुलांना खेळायला काहीबाही, गाड्यांना मधूनमधून खाचे. आखलेल्या खाच्यातच गाडी लागते, मग फुटपाथवर चढायची तिची हिंमत होत नाही. हा तोच रस्ता, जो १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीच्या दोघा पारशी भावांनी बांधला आणि दहा वर्षांची हमी लिहून दिली. हमी संपली तरी खड्डे पडायला तयार नव्हते! आमच्याकडे उलट असतं. पण जंगली महाराज रस्त्याची रुंदी आपल्याकडे नाही, त्याचा नकाशा आणून फडके रोडवर चिकटवता येणार नाही. आपल्या चिमणी गल्लीसारख्या बोळात तर नाहीच नाही.

सगळ्यात जास्त मला लिहायचंय ते सासूबाईंच्या वॉकरबद्दल. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या चार पायांचा वॉकर घेऊन चालतात. डॉक्टरांनी सांगितलंय रोज चाला. आम्ही निघतो. पहिला फुटपाथ एवढा उंच की वॉकर आधी वर ठेवायचा, मग मी काखेत हात घालून त्यांना वर घ्यायचं. पाच पावलं चाललो की एका सोसायटीचं गेट, तिथे फुटपाथ एकदम खाली उतरतो, गाडी आत जाताना तिचं बूड घासू नये म्हणून. गाडीच्या बुडाची इतकी काळजी! पुन्हा वर. मग दुकान, त्याने पायऱ्या फुटपाथवरच बांधल्यात, कारण रस्ता वर येत गेला आणि दुकान खाली गेलं. मग महावितरणची डीपी. मग एक फलक, ‘आमची कोठेही शाखा नाही’. शेवटी दोघी रस्त्यावर उतरतो आणि मागून रिक्षा हॉर्न वाजवते. सासूबाई ऐंशी पार केलेल्या बाई, त्या थांबून वळून त्याला म्हणतात, “वर जागा दे, मग जाते वर.”

पायी चालणाऱ्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली आहे. ती म्हणते फुटपाथची कड दीडशे मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, उंच नको. आणि अडथळा सोडून मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघून जाव्यात इतकी. मी शिवणाची टेप घेऊन आमचा फुटपाथ मोजला. ये-जा करणारे मला कुठल्यातरी सर्व्हेची बाई समजून नाव-पत्ता सांगायला लागले. कड गुडघ्याच्या जरा खाली, आणि मोकळी जागा दोन ठिकाणी टेपच्या निम्म्याही पुढे गेली नाही. टेप दीड मीटरची असते.

यावर पूर्वी तोड काढली होती स्कायवॉकची. एमएमआरडीएने पहिला बांद्र्याला केला २००८ मध्ये, मग आपल्याकडेही आले. मला ती तोड कधीच पटली नाही. माणसांना जिने चढवून वर पाठवायचं आणि खालचा सपाट रस्ता गाड्यांना मोकळा करून द्यायचा! वॉकर घेऊन कोण चढणार तिथे? आणि दुकानं तर खाली. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलामुळे निदान बस वर गेल्या आणि खाली माणसं राहिली. तेवढी उतरंड तरी बरोबर आहे.

फेरीवाल्यांचं काय, असं तू विचारणारच. तुझ्या गावच्या शनिवारच्या शेतकरी बाजाराला मंडप, पाटी, पार्किंग सगळं आहे. आमच्या भाजीवालीला रोज पळावं लागतं. २०१४ च्या कायद्यात पथविक्रेत्यांची समिती आहे, तिच्यात किमान चाळीस टक्के फेरीवाल्यांचेच निवडून आलेले प्रतिनिधी असावेत असं म्हटलंय, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं असंही. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं होती, म्हणजे तीस हजारांवर फेरीवाले. मग २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला आणि त्यानंतर १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने सांगितलं, स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाला नको. शाळा, दवाखाने, देवळांपासून शंभर मीटर. स्टेशनच्या तोंडाशी मोकळीक हवी यात मला शंका नाही, त्या जिन्यावर संध्याकाळी साडेसातला उभी राहून बघ. पण दीडशे मीटरच्या पुढे जागा आखून दिली नाही तर नुसती शिवाशिवी चालते. ‘गाडी आली’ अशी हाक उठते, चादरीची चार टोकं एकत्र होतात, भाजीवाली एका दुकानाच्या आडोशाला, आणि पालिकेची गाडी वळली की चादर पुन्हा खाली. दुकानदार वैतागतात. त्यांचंही चुकत नाही, ते भाडं भरतात, कर भरतात, आणि त्यांच्या दारात दुसराच गल्ला चालतो. पण रात्री साडेदहाला ठाकुर्ली स्टेशनवरून घरी येणाऱ्या पोरीला विचार. शटर पडलेल्या रस्त्यावर तिला धीर कोणाचा वाटतो? शेवटच्या वडापावच्या गाडीवरच्या दिव्याचाच ना? रस्ता आखताना त्या गाडीलाही चौकोन आखायला हवा, नंबरसकट, पाण्याच्या नळासकट.

माझ्या हिशेबाला येणाऱ्या दुकानदारांशी मी याविषयी बोलते तेव्हा एक गोष्ट हळूहळू बाहेर येते. त्यांना नव्या रस्त्याची भीती नाही, तो होईपर्यंतच्या खोदकामाची आहे. नाशिकचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ, जेमतेम १.१ किलोमीटर, स्मार्ट रोड म्हणून खोदला आणि काम इतकं रेंगाळलं की दुकानदार टेकीला आले. तिथल्या मोठ्या दुकानांनी तग धरला असेल, माझ्याकडच्या चपलांच्या दुरुस्तीवाल्याने, झेरॉक्सवाल्याने दोन महिने धूळ खाल्ली तर तो संपतो. त्याचं भाडं थांबत नाही. म्हणून मी म्हणते, आधी खोदूच नका. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमधून ब्रॉडवे गाड्यांना बंद केला तेव्हा पहिल्या दिवशी काय होतं तिथे? पिंपं आणि बागेत ठेवतात तसल्या घडीच्या स्वस्तातल्या खुर्च्या! लोक येऊन बसले, जमतंय असं दिसलं, मग पक्कं बांधकाम पुढे कित्येक वर्षांनी. आपल्या मुंबईतही मालाडच्या मिठचौकीला रंग आणि शंकू वापरून आधी तात्पुरतं करून पाहिलंच होतं की. कोपनहेगनचा तो प्रसिद्ध पायी रस्ता, स्ट्रॉयट, तोसुद्धा १९६२ मध्ये प्रयोग म्हणूनच बंद केला होता, आणि तिथलेही व्यापारी भडकले होते. म्हणजे बघ, भांडेवाल्याचा वंश फार जुना आणि फार पसरलेला आहे.

मला विचारशील तर डोंबिवली स्टेशन ते गणेश मंदिर हा तुकडा संध्याकाळी सहा ते दहा रंगाचे पट्टे मारून पायी लोकांना द्यावा. पावसाळा सोडून तीन महिने. रिक्षा स्टँड एका ठरावीक कोपऱ्याला, तिथून वॉकरवाल्यांना, गरोदर बायकांना आतपर्यंत सोडायची मुभा. दिवसभराच्या स्कूटरींना थोडं लांब, पण छप्पर असलेली जागा. त्या तीन महिन्यांत फरसाणवाल्याचं, औषधवाल्याचं आणि भांडेवाल्याचं स्टेटमेंट मी स्वतः काढून समोर ठेवते, नावं झाकून. वाढलं तर वाढलं, घटलं तर घटलं, भांडण तरी आकड्यांवर होईल. आणि पक्कं काम करायचं ठरलं तर एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत पूर्ण करून मगच पुढचा दगड उचलायचा. रस्त्याची पातळी एक बोटही वर न्यायची नाही, जुनं खरवडून त्याच उंचीला नवं टाकायचं. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी दुकानात शिरतं आणि मग फुटपाथ, बाक, झाडं यांच्याबद्दल कोणी काही ऐकून घेत नाही.

हे सगळं मी गेल्या महिन्यात व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत बोलले. थोडा वेळ शांतता. मग भांडेवाला म्हणाला, “मॅडम, सगळं ठीक आहे, पण माझा टेम्पो कधी येणार?” आणि तिथे मी अडकले, कारण प्रश्न अगदी रास्त होता. भिवंडीहून माल येतो तो दुपारी निघतो आणि कोंडीतून इथे पोचेपर्यंत सहा वाजतात, नेमके माझ्या पट्ट्यांच्या वेळेला. सकाळी आठच्या आधी उतरव म्हणावं तर हमाल मिळत नाहीत आणि दुकान उघडायला मालक नसतो.

तर तुझ्याकडून मला हे हवंय. तुमच्या सभेत तो नकाशा लावला होता म्हणालीस, त्यात माल उतरवायची वेळ कशी ठरवलीय? प्रत्येक दुकानाला वेगळी की सगळ्यांना एक? लांब ट्रक असेल तर तो उभा कुठे राहतो? आणि वेळ मोडली तर दंड कोणाला, ड्रायव्हरला की दुकानदाराला? हार्डवेअरवाल्यालाच विचार, त्याला सगळं ठाऊक असणार. चिडलेला असला तरी चहा पाज आणि विचार. पुढच्या बैठकीच्या आधी कळव. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो चालेल, पण अक्षर वाचता येईल असा काढ, मागच्या वेळी तुझ्या मांजरीची शेपटीच जास्त आली होती.

तुझी,
शेजारच्या बाकावरची

ता.क. सासूबाई विचारतायत, तिकडच्या फुटपाथवरचा बर्फ कोण काढतं, पालिका की दुकानदार? दुकानदार असेल तर म्हणे भांडेवाल्याला सांगू नकोस.